माहेरच्या डोंगराचं परदेशी तिकीट

…आणि वर मान करून मला विचारतो काय, तर म्हणे, "पासपोर्ट?"

पासपोर्ट! आता तुम्हीच सांगा! मी आले सुराबायाहून, बस बदलत बदलत, शेवटचा चढ भाजीच्या रिकाम्या ट्रकमध्ये उभ्यानं, कंबर तिकडंच एका खड्ड्यात राहिली नि मी तेवढी वर पोचले, आणि पासपोर्ट कुठून आणू मी? आमच्या अख्ख्या खानदानात पासपोर्ट एकीकडंच, माझ्या लेकीकडं, नि ती बसलीय तैवानात! बरं, विचारणारा कोण? कुणी परका असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे बाई, नोकरी आहे त्याची. विचारणारा पुजियांतो! माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा! याच्या जन्माच्या वेळी मी महिनाभर माहेरी राहून याची दुपटी धुतलीत, त्या बर्फासारख्या पाण्यात, बोटं निळी व्हायची! आणि आज अंगात हिरवा गणवेश, कमरेला शिट्टी, तो खर्र-खर्र करणारा वायरलेस… आणि खालच्या आवाजात, इकडंतिकडं बघत, "आत्या… पासपोर्ट आणलाय का? तुमचं तिकीट परदेशी पाहुण्याचं आहे."

परदेशी कोण? मी!

तुम्ही हसताय. हसा. मीसुद्धा हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर. तो पंखा जरा इकडं फिरवा हो, या शहरात बसून त्या थंडीचं सांगायचं म्हणजे घाम फुटतो नुसता… हां. तर पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर वोनोकेंबांग. ब्रोमोच्या, त्या ज्वालामुखीच्या काठावर. काठावर म्हणजे अगदी काठावरच, परसातला कांद्याच्या पातीचा वाफा संपला की उतार, उतार संपला की काळ्या वाळूचं मैदान, आणि त्या मैदानाच्या मधोमध तो बसलेला. धुमसत. आमच्याकडं तान्हं मूल रडायला लागलं ना, की त्याला बाहेर आणून धूर दाखवतात. "बघ, बघ, आजोबा चूल पेटवतायत." मूल गप्प! आम्ही पोरी शाळा सुटली की वाळूतनं पळत सुटायचो, डोंगराच्या ओठावर पालथ्या पडून आत डोकवायचो. आतनं असा आवाज यायचा… कसा सांगू? खूप मोठं भांडं खूप दूर कुठंतरी उकळतंय असा. नाकात तो गंधकाचा वास, डोळ्यांत पाणी, खाली आया हाका मारतायत. तिकीट? कसलं तिकीट हो! वाळूत चप्पल रुतून राहिली तर तेवढंच काय ते भाडं!

मग कुणीतरी ठरवलं, हा डोंगर राष्ट्राचा. असू दे की राष्ट्राचा, आमची काय ना आहे? फाटक आलं, आडवा दांडा आला, पाट्या आल्या. देशातल्या माणसाला एक तिकीट, परदेशातल्याला एक, आणि ते असं, की वाचूनच उलट्या पावली विमानात बसावं. वरच्या गावांतल्या लोकांना मात्र मोफत. ओळखपत्रावर वरचा पत्ता असला की झालं. चांगला नियम आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला सांगते, नियम पत्ता बघतो. नाळ कुठं पुरलीय ते नाही बघत.

आणि माझा पत्ता सुराबाया. का? तर आमचे हे! गुनार्दी. समुद्राकाठचा माणूस. बटाट्याची पोती न्यायला ट्रकवर क्लीनर म्हणून आला, थंडीनं नाक लालभडक, दात कडाकडा वाजतायत, आणि माझ्या आईनं दया येऊन चुलीपाशी बसवला. बस्स. बसवायला नको होता! पुढच्या खेपेला पोती कमी नि चुलीपाशी बसणं जास्त. तिसऱ्या खेपेला मागणी. मीही बावळट, मला वाटलं, खाली समुद्र आहे, ऊब आहे, बघू तरी… बघितला हो समुद्र. गोदीच्या मागच्या गल्लीत दिसतो, तेलकट, दोन कंटेनरच्या मधनं, एवढासा.

माणूस वाईट नाही हं. पण मी म्हणायचे, "चला ना, एकदा डोंगरावर जाऊन येऊ," की ठरलेलं उत्तर, "डोंगराला काय बघायचंय? उद्या पण तिथंच असणारे." हे उद्या-उद्या करत लेक मोठी झाली! आईला भेटायला जायचे मी, नाही असं नाही, पण पुजियांतोच्या जन्माचा तो महिना सोडला तर उभ्या-उभ्या. कुणाचं बारसं, कुणाचं दिवस-पाणी, सकाळी पोचायचं, संध्याकाळच्या ट्रकनं खाली. वाळू ओलांडून त्याच्यापर्यंत जाणं काही व्हायचं नाही. कधी तोच चिडलेला असायचा, राख उडवायचा, रस्ता बंद. कधी साथ आली म्हणून जगच बंद. लांबूनच हात जोडायचे नि ट्रकमध्ये चढायचं.

मग मी काय करायचे सांगू? हसू नका. दुपारी घरात कुणी नसलं की काडेपेटी घ्यायची नि एक काडी ओढायची. ओढून लगेच फुंकायची, आणि तो धूर नाकाशी धरायचा. तोच वास! एवढासाच, पण तोच. डोळे मिटले की मी ओठावर पालथी पडलेली. एकदा हे अचानक घरी आले, वास आला, आणि "गॅस! गॅस!" करून अख्खी गल्ली बाहेर काढली. शेजारीण नेसत्या टॉवेलवर रस्त्यात! मी काय सांगणार? म्हटलं, हो, बटण चालू राहिलं असेल.

तर… नवस. नवसाचं राहिलंच की! लग्नानंतर मला कितीतरी वर्षं मूल नव्हतं. औषधं झाली, पाला झाला, सासूचे टोमणे झाले. तेव्हा माझी आई, मला न सांगता, एकटी, डोक्यावर बटाट्यांची टोपली घेऊन ओठावर गेली नि त्याला म्हणाली, "माझ्या कास्मीला पोर दे. ते पोर स्वतःच्या पायावर उभं राहिलं, की कास्मी स्वतःच्या हातानं तुला कोंबडी देईल." मग झाली माझी लारास. आणि परवाच्या वर्षी लारास गेली तैवानला. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला भरवते, तिचे केस विंचरते, तिला उन्हात बसवते. झाली की नाही पायावर उभी? झाली. लांब जाऊन उभी राहिली, पण राहिली. झालं, आईचा निरोप, "कास्मी, आता देणं द्यायला ये. माझे गुडघे आहेत तोवर ये. मी बरोबर येणार."

आता आमच्याकडं माणसाला पहिल्या मुलाच्या नावानं ओळखतात. माझ्या आईला तिच्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलंच नाही. सगळ्या गावाला ती "कास्मीची आई". नातवंडं सोडली तर भाजीवाला, पुजारी, फाटकावरचे शिपाई, सगळे, "काय कास्मीची आई, बटाटे काढले का?" हे लक्षात ठेवा बरं का, याच्यावरनंच पुढं सगळी मजा झाली.

डोंगराला देणं वाहायचा आमचा सण असतो, त्या दिवशी जायचं म्हटलं तर तिकिटं केव्हाच संपलेली. म्हणून ठरलं, सणाची गर्दी ओसरली की त्याच महिन्यात जायचं. तिकीट काढायचं फोनवर. फाटकावर मिळत नाही, आता सगळं फोनवर. यांनी चष्मा लावला, बोट लावलं, आणि पहिल्याच पानावर फोननं विचारलं, भेटीचा उद्देश? मौजमजा, संशोधन, चित्रीकरण. हे मला विचारतात, "तुझा उद्देश काय?" मी म्हटलं, आई. म्हणे, आई नाहीये यात. मग मी म्हटलं, द्या तो फोन ठेवून, लारासला सांगू.

लारास तिकडनं म्हणाली, "आई, मी काढते, तू फक्त जा." रात्रपाळी करून आलेली पोर. आधी बाबांचं काढलं. झकास निघालं. मग रेंज गेली, परत सुरुवातीपासून, आणि त्या फोनला काय वाटलं कोण जाणे, मालकीण तैवानात आहे म्हटल्यावर त्यानं आपलं आपण मला परदेशी पाहुण्यांच्या रांगेत बसवलं! हिचे डोळे मिटतायत, हिनं दाबलं बटण. पैसे किती गेले ते मला सांगितलंही नाही. नुसतं म्हणाली, "जरा महाग झालंय गं आई आता, पण जा तू. आणि मला त्याचा आवाज ऐकव." तिला वाटलं, माझ्या आईचा डोंगर आहे, महागच असायचा!

निघालो. आश्चर्य म्हणजे हेही निघाले. म्हटलं, "तुम्ही? डोंगर उद्या पण तिथंच असणारे ना?" तर म्हणे, "डोंगर असेल गं. तुझी आई…" आणि बुटाची नाडी बांधत बसले. काही काही वेळा या माणसाचं मला काय करावं तेच कळत नाही.

पोचलो, तर दारातच तो गारठा. काय सांगू! असा गालावर हात ठेवावा कुणी तसा. घरात चूल पेटलेली, मक्याचा भात, वर तिखटजाळ ठेचा, आई सारोंगचं जाड कापड अंगाभोवती गुंडाळून बसलेली, एवढीशी झालेली. मला बघितलं नि म्हणाली, "ये. बस चुलीपाशी." आणि तुम्हाला सांगते, पिशवी हातात तशीच धरून मी उभी राहिले. कारण आमच्यात घरच्या माणसाला चुलीपाशी बस म्हणत नाहीत. तो आपला आपण येऊन बसतो. बस म्हणतात ते पाहुण्याला.

बसले मी. पाहुणीसारखी.

सकाळी उजाडलं तसे निघालो फाटकाकडं. आईनं टोपलीत बटाटे घेतले, कांद्याची पात, झेंडूची फुलं. कोंबडी यांच्या हातात. काळी, तुरेदार, आणि पहिल्यापासून यांच्यावर डूख धरलेली. दर दहा पावलांनी टोचायची. तशी आमची वरात फाटकावर. पुजियांतो उभा. आईला बघून, "या आजी!" दांडा वर. वरच्या गावची, मोफत. मग आमचे हे. फोन दाखवला, टिंग! हिरवा दिवा. "या काका, स्वागत आहे!" ज्या माणसाला जन्मात डोंगर बघायचा नव्हता, तो आत! मग हे विचारतात, "कोंबडीचं काय?" तर पुजियांतो म्हणे, "देवाला वाहायच्या वस्तूंना तिकीट नाही." कोंबडी आत! मग मी फोन धरला. टूंऽऽ! लाल दिवा. परत धरला. टूंऽऽ! दांडा खाली.

"आत्या… पासपोर्ट?"

दांड्याच्या त्या बाजूला माझी आई, माझा नवरा नि कोंबडी. या बाजूला मी. परदेशी कोण? मी!

मी म्हटलं, "पुज्या, थोबाड बघ माझं. ओळखतोस ना मला?"

"ओळखतो हो आत्या. पण मशीन नाही ना ओळखत."

"मग देशातलं तिकीट दे दुसरं."

"आजची देशी तिकिटं संपली. परदेशी शिल्लक आहेत."

"अरे, मग तेच तर आहे माझ्याकडं!"

"त्याला पासपोर्ट लागतो आत्या!"

मागं जीपगाड्यांची रांग. जीप आली की दांडा वर, गेली की दांडा खाली, आणि दर वेळी मला वाटायचं, आता घुसावं, कोण काय करणारे? पण पुजियांतोची नोकरी नवी, घरी बायको पोटुशी. कसं घुसायचं? नि मला सांगा, घुसायचं तरी का? माझ्या डोंगरावर मी चोरासारखी जाऊ? एका जीपमधनं एक खरी परदेशी बाई उतरली, उंच, गोरी, गुलाबी टोपी, पासपोर्ट दाखवला, गेली आत. जाता जाता माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. म्हटलं, आपण दोघी एकाच रांगेतल्या गं बाई.

एवढ्यात आई दांड्यापाशी आली. तिला ऐकू कमी, म्हणून ती जे बोलते ते अख्ख्या दरीला ऐकू जातं. "काय झालंऽऽ? कास्मी का नाही येत?"

"आजी, आत्याचं तिकीट परदेशी माणसाचं आहे."

"काऽऽय?"

"परदेशीऽऽ!"

"कोण परदेशी?"

आणि सगळी रांग, जीपवाले, घोडेवाले, मक्याची कणसं भाजणारी बाई, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आई, तू जा यांच्याबरोबर. मी थांबते इथं." तर आई म्हणाली, "नवस काय जावयाचा आहे? कोंबडी त्याला टोचतेय ते दिसत नाही तुला? तिलासुद्धा कळतंय." आणि बसली. तिथंच, दांड्याच्या पलीकडं, वाळूत फतकल मारून. "जाईन तर हिला घेऊन जाईन. नाहीतर इथंच मरेन. पुज्या, मग मला उचलायला तुलाच यावं लागेल, तुझीच पाळी आहे."

पुजियांतोनं घाबरून वायरलेस काढला. साहेबांना विचारलं. तिकडनं खर्र… खर्र… "परदेशी तिकीट आहे ना? खर्र… पैसे भरलेत ना? मग अडचण काय? खर्र… पासपोर्ट विसरला असेल तर वरच्या गावातल्या कुणीतरी जबाबदारी घ्यावी. लिहून घे नि सोड. खर्र…"

झालं! मार्ग निघाला! पुजियांतोनं कागद काढला, मांडीवर ठेवून भराभरा लिहिलं, नि आईसमोर शाईचा डबा धरला. आई म्हणाली, "वाच आधी. मला वाचता येत नाही म्हणून काहीही नाही लावायचा अंगठा." तो वाचेना. "वाच की रे!" तो पुटपुटला. "मोठ्यानं!"

मग त्यानं वाचलं. मान खाली घालून. "मी, कास्मीची आई, राहणार वोनोकेंबांग, लिहून देते की… कास्मियाती नावाची ही बाई… बाहेरदेशची पाहुणी असून… तिचं या गावात घर नाही. ती माझ्या ओळखीची आहे, आणि संध्याकाळच्या आत ती परत जाईल, याची जबाबदारी माझी."

कणसंवाली बाई वारा घालायची थांबली. कुणी हसलंसुद्धा नाही. कास्मीची आई लिहून देतेय की कास्मी बाहेरची! मला एकदम काहीतरी झालं, मी म्हटलं, "नको आई. नको लावूस. राहू दे नवस, मी जाते खाली, पुढच्या वर्षी येईन, नीट तिकीट काढून येईन…" तर आईनं डब्यात अंगठा बुडवला, चांगला बुडवला, कागदावर दाबला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला यांच्या ट्रकात बसवून दिली ना, तेव्हाच लावला होता गं मी हा अंगठा. आज नुसती शाई लागली."

दांडा वर.

मी गेले आत. पाय वाळूत पडला… आणि तुम्हाला सांगते, पायाला माहीत होतं. डोकं विसरतं, पाय विसरत नाहीत. कुठं रुततं, कुठं कडक आहे, सगळं. हे मागनं अडखळत, बूट वाळूनं भरलेले, एका हातात कोंबडी. पायऱ्यांपर्यंत आईला घोड्यावर बसवलं. पायऱ्या मात्र घोडा चढत नाही. आई दोनचार चढली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली, वर बघितलं नि म्हणाली, "लांब गेलाय हा आता." तेव्हा आमच्या यांनी कोंबडी माझ्या हातात दिली, आणि आईसमोर पाठ करून खाली बसले. बटाट्याची पोती उचलायला बसायचे ना तरुणपणी, तसे.

आई बसली पाठीवर! ज्या जावयाशी उभ्या जन्मात "जेवलास?" आणि "निघालास?" यापुढं बोलणं नाही, त्याच्या गळ्यात हात टाकून, आणि वर घोडेवाल्यासारखी, "हट्! डावीकडनं! अरे बघून टाक पाय! काय खातोस काय तिकडं समुद्रावर, दम नाही तुला!" हे घामाघूम, त्या थंडीत! उतरणारे लोक बाजूला होऊन वाट देतायत. ती गुलाबी टोपीवाली तर फोटोच काढत होती. मी मागनं कोंबडी धरून. हसू का रडू, कळेना. दोन्ही केलं.

आणि मग ओठ आला. धूर. तो वास. काडीएवढा नाही हो, आभाळभर! आणि आतनं तो आवाज, तसाच, तस्साच, इतकी वर्षं मी खाली भांडी घासत होते, मुलगी वाढवत होते, मुलगी पाठवत होते, आणि हा इथं अखंड उकळतच होता, कुणासाठी थांबला नव्हता. मी कठड्याला धरून आत डोकावले. मनात किती काय होतं बोलायचं. पण तोंडातनं एकच आलं, "आले." बस्स.

मी बटाटे टाकले, पात टाकली, फुलं टाकली. कोंबडी टाकली, तर ती पंख पसरून तरंगत गेली नि खाली उतारावर जाळी घेऊन उभ्या असलेल्या एका बाप्यानं अल्लद झेलली. चालतं आमच्यात ते. देवाला पोचलं की माणसानं न्यायला हरकत नाही. मग आईनं हात जोडले. मला वाटलं मनात म्हणेल. पण तिला ऐकू कमी, तिला वाटतं जगालाच ऐकू कमी, आणि समोरचा असा घोंघावतोय! ती ओरडूनच बोलली त्याच्याशी, सगळे चढून आलेले लोक ऐकतायत. "ए ब्रोमोऽऽ! ही आली बघ देणं द्यायला! आणि ऐक! खाली फाटकावर मी अंगठा लावला, तो सरकारसाठी! तू मनावर घेऊ नकोस! ही माझी आहे! इथलीच आहे! ओळख ठेव! मी नसले तरी ओळख ठेव!"

हे पाठ फिरवून उभे राहिले. धूर गेला म्हणे डोळ्यांत.

मी फोन काढला, लारासला दाखवावं म्हणून. रेंज कुठली तिथं! मग नुसता आवाज भरून घेतला, आणि खाली आल्यावर पाठवला. तिचा फोन आला, म्हणाली, "आई, मी म्हातारीला पेज भरवता भरवता ऐकत होते. तिनं विचारलं, हे काय, समुद्र का? मी म्हटलं, नाही आजी, हे माझं आजोळ." मग म्हणाली, परत लाव, आणि आम्ही दोघींनी तो आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. तिकडं तिचे पैसे चालले होते तरी.

संध्याकाळच्या आत परत जायची जबाबदारी आईवर होती, लिहून दिलेली. मी म्हटलं, राहते रात्री, कोण बघतंय? तर म्हणाली, "नको. अंगठा दिलाय." ट्रकपर्यंत पोचवायला आली. अंगठ्यावर शाई तशीच. मी पदराला पुसायला गेले तर हात मागं घेतला, म्हणाली, "राहू दे. दोन दिवस दिसेल."

तर अशी आले परत. आता या उकाड्यात बसलेय तुमच्यासमोर. आणि तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. कुठलं हो! परदेशी पाहुण्यांची किती ती काळजी! मागच्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला, डोंगराच्या तिकीटवाल्यांचा निरोप. यांनी चष्मा लावून वाचून दाखवला. "प्रिय पाहुण्या कास्मियाती, आमच्या डोंगराला भेट दिल्याबद्दल आभार. आपण आपल्या मायदेशी सुखरूप पोचलात का?" आणि खाली दोन बटणं. होय. नाही.

हे म्हणाले, "दाब होय, नि टाक मोकळी होऊन."

मी फोन हातात घेतला. खिडकीतनं तो दोन कंटेनरमधला समुद्र दिसत होता. बराच वेळ बघत बसले… आणि दाबलं 'नाही'.

आता काय, रोज सकाळी विचारतात. पोचलात का? रोज मी सांगते, नाही. तेही बिचारे थकत नाहीत, नि मीही.